पापडावरची काळी पूड आणि चौकातला हिरवा आकडा

मार्चमधली दुपार होती. बेळगावातल्या अनगोळच्या आमच्या गल्लीत शेजारच्या मावशींनी गच्चीवर जुनं पातळ अंथरून तांदळाचे पापड घातले होते. चारच्या सुमारास उलटायला वर गेल्या आणि तिथूनच मला हाक मारली. मी वर गेलो तर त्यांनी एका पापडावरून बोट फिरवलं आणि ते माझ्यासमोर धरलं. शिसपेन्सिल तासल्यावर उरते तशी करडी-काळी पूड.

"चौकातल्या त्या फळीवर काय लिवलंय आज?"

चौकात हवा कशी आहे ते दाखवणारा फलक आहे, तो मी येताना बघितला होता. हिरवट रंग, ऐंशीच्या घरातला आकडा, खाली कन्नड आणि इंग्रजीत 'समाधानकारक' अशा अर्थाचा शब्द. तसं सांगितलं.

"कुणाचं समाधान झालंय म्हणं?"

हे प्रकरण त्या प्रश्नाचं आहे. उत्तर मिळायला दोन उन्हाळे लागले आणि मिळालं तेही अर्धंमुर्धं. माझा धंदा उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत मापनयंत्रं तपासून देण्याचा, म्हणजे कॅलिब्रेशनचा. त्यामुळे आकडा खरा की खोटा हे विचारण्याआधी तो कुठं बसवलेल्या यंत्राचा आहे, हे विचारायची सवय हाताला लागलेली आहे. तरी इथे मीही आधी चुकलो. ते पुढे येईलच.

गाव, वारा आणि यंत्र

स्मार्ट सिटी योजना जून २०१५ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०१६ मध्ये निवडलेल्या पहिल्या वीस शहरांत बेळगाव होतं. योजनेची मुदत वाढत वाढत मार्च २०२५ अखेर संपली. या काळात देशभरच्या अशा शहरांत एकात्मिक नियंत्रण कक्ष उभे राहिले. सिग्नल, कॅमेरे, कचऱ्याच्या गाड्या आणि पर्यावरणाचे सेन्सर, सगळं एका मोठ्या पडद्यावर दिसावं ही कल्पना. खांबावरचा सेन्सर दर काही मिनिटांनी मोजतो, सिमकार्डावरून आकडा कक्षात जातो आणि चौकातल्या फलकावर झळकतो. आमच्या चौकातला फलक नेमका कोणाच्या अखत्यारीतला, हे या लेखापुरतं बाजूला ठेवतो.

याखेरीज शहरात कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सतत मोजणारं केंद्र आहे, रामतीर्थनगरात. केंद्रीय मंडळाच्या 'समीर' ॲपवर बेळगावचा म्हणून दिसतो तो त्या केंद्राचा आकडा. नकाशा डोळ्यांसमोर आणा. रामतीर्थनगर ईशान्येच्या अंगाला, वसाहतीचा भाग. गल्लीचा संशय होता ते ओतकामाचे, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचे, कारखाने मुख्यतः नैर्ऋत्येला, खानापूर रोडवर तिसऱ्या रेल्वे गेटच्या पुढे उद्यमबाग आणि त्याच्याही पुढे मच्छे. हिवाळ्यात सकाळी वारा पूर्वेकडून येतो. तो रामतीर्थनगरावरून शहरात शिरतो आणि उद्यमबागेवरून मच्छे-पिरनवाडीकडे निघून जातो. म्हणजे हवा सगळ्यात जड असते त्या दिवसांत हे केंद्र वाऱ्याच्या वरच्या अंगाला असतं. केंद्र उत्तम आहे, यंत्रं महागडी आणि नीट देखभालीतली असतात. फक्त ते रामतीर्थनगरची हवा मोजतं.

फाल्गुन सरला की वारा फिरतो. दुपारनंतर घाटाकडून, पश्चिमेकडून येऊ लागतो. आता उद्यमबाग वरच्या अंगाला आणि अनगोळ खाली. सांडगे, कुरडया, पापड घालायचा हंगाम नेमका हाच.

बेळगावात लोखंडाचं काम जुनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलीचं दुकान इथेच काढलं, नांगर इथेच घडवले, आणि १९१० मध्ये ते कुंडलच्या माळावर गेले. किर्लोस्कर रोडचं नाव राहिलं. आज या भागात पंपाच्या, मोटारींच्या, हायड्रॉलिक यंत्रांच्या सुट्या भागांचं ओतकाम होतं आणि आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांची चूल त्यावर पेटते. मावशींचा थोरला मुलगाही मोल्डिंगला, म्हणजे साचे करायच्या कामाला आहे. 'कारखाने बंद करा' असं कुणी म्हणणार नव्हतं आणि म्हटलंही नाही. मावशींचं म्हणणं इतकंच होतं, की पूड पडतेय तर फळीवर दिसू दे की.

हिरवा आकडा कसा तयार होतो

हवा गुणवत्ता निर्देशांक भारतात २०१५ च्या एप्रिलपासून सुरू झाला. ५० पर्यंत चांगला, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, मग वाईट, अतिवाईट, गंभीर. निरनिराळ्या प्रदूषकांचे उपनिर्देशांक काढायचे आणि त्यातला सगळ्यात मोठा तो त्या दिवसाचा निर्देशांक. धुळीसाठी चोवीस तासांची सरासरी धरतात.

या सरासरीतच पहिली मेख आहे. समजा, पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक कण दिवसातले बावीस तास घनमीटरला ३५ मायक्रोग्रॅम आहेत आणि संध्याकाळी दोन तास ३०० वर गेले. त्या दोन तासांत रस्त्यावर उभं राहिलेल्या माणसाचे डोळे चुरचुरतील, दमेकरी घरात येऊन पंप शोधेल. चोवीस तासांची सरासरी मात्र येते ५७. भारतीय मर्यादा ६०. निर्देशांक ९५ च्या आसपास, रंग हिरवट, शेरा समाधानकारक. कुणी खोटं बोललेलं नसतं. (जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची चोवीस तासांची शिफारस १५ आहे, त्या पट्टीने ते दोन तास काढून टाकले तरी दिवस नापासच.)

दुसरी मेख यंत्राच्या पोटात आहे. खांबावरच्या स्वस्त सेन्सरमध्ये एक इवलासा पंखा, एक लेझर आणि प्रकाश टिपणारा एक डोळा असतो. हवा आत ओढली जाते, कण लेझरसमोरून जाताना प्रकाश विखुरतो, त्यावरून कणांचा आकार आणि संख्या काढतात. बारीक धुराला हे यंत्र चांगलं. जाड कण मात्र त्या चिमुकल्या पंख्याला ओढवत नाहीत. ओढले गेले तरी वाटेतच बसतात. मग पीएम १० चा, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा, आकडा येतो कुठून? बरेचदा यंत्र बारीक कणांवरून अंदाज बांधतं. धुराच्या गावात अंदाज जमून जातो. लाल मातीच्या, खणलेल्या रस्त्यांच्या आणि ओतकामाच्या वाळूच्या गावात तो फसतो.

मावशींच्या बोटावरची पूड तर दहा मायक्रॉनच्याही पुष्कळ वरची होती. डोळ्यांना कण म्हणून दिसते, बोटाला खरखर लागते, ती धूळ निर्देशांकात धरलेलीच नाही. ती छातीत खोल जात नाही, नाकाघशात अडकते, म्हणून तिला आरोग्याच्या हिशेबात खालची जागा आहे. त्यात तथ्य आहे. पण पापड तर गेले ना वाया.

लोहचुंबकाची फजिती

हे सगळं मला पहिल्याच दिवशी सुचलं असं नाही. पहिल्या दिवशी मी स्पीकरमधला जुना लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि गच्चीवरच्या पुडीवरून फिरवला. पिशवीला काळी लव फुटली. गल्लीतली सात-आठ माणसं जमली होती, पोरं तर नाचायचीच बाकी होती. लोखंड! कारखान्याची चोरी पकडली!

दोन आठवड्यांनी जांबोटीकडे बहिणीच्या गावाला गेलो. जवळपास कारखाना नाही. तिच्या अंगणातल्या धुळीवरून तोच चुंबक सहज फिरवला, तर तिथेही लव फुटली. कमी, पण फुटली. आपल्याकडच्या खडकात आणि मातीत लोहाची खनिजं मुबलक आहेत, कुठल्याही अंगणात चुंबकाला काही ना काही चिकटणारच. वीस वर्षं मापनात घालवून मी तुलनेचा नमुना न घेता निष्कर्ष काढला होता. गल्लीत परत आल्यावर हे सांगायचं जिवावर आलं होतं. सांगितलं. एक तात्या म्हणाले, "मग आता काय, बहिणीच्या गावातनं येतीय काय पूड?"

तीन गच्च्या

पावसाळ्यात बेळगावची हवा धुऊन निघते; जून ते सप्टेंबर मोजण्यात अर्थ नव्हता. ऑक्टोबरात आम्ही तिघांनी लेझरचे साधे सेन्सर आणले. किंमत दोन-अडीच हजाराची, वर वायफायचं एक छोटं सर्किट. आधी तिन्ही एकाच खिडकीत पंधरा दिवस शेजारी-शेजारी ठेवले. एक सेन्सर बाकी दोघांपेक्षा सतत वर दाखवत होता, त्याची दुरुस्ती गणितात केली. मग एक माझ्या गच्चीवर, एक उद्यमबागेच्या कडेला मित्राच्या घरी, एक शहरातल्याच शहापुरात तिसऱ्याकडे. आकडे तासाचे न घेता पंधरा मिनिटांचे ठेवले आणि सरासरी काढायचीच नाही, असं ठरवलं.

पहिला महिना यंत्रानेच आम्हाला शिकवण्यात गेला. पहाटे धुकं पडलं की आकडा आभाळाला भिडायचा. हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी पिऊन फुगतात आणि लेझरला मोठे दिसतात. महागडी यंत्रं आत घेतलेली हवा आधी तापवून कोरडी करतात, आमच्याकडे ती सोय नव्हती. आर्द्रतेचा सेन्सर जोडून धुक्याचे तास बाजूला काढायला लागलो. एकदा शहापूरचं यंत्र आठवडाभर शून्याजवळ राहिलं. उघडलं तर तोंडावर कोळ्याने जाळं विणलेलं. चौकातल्या खांबावरही कोळी चढत असणारच. तिथे जाळं काढायला कोण चढतं, हा प्रश्न तेव्हाच डोक्यात आला.

दिवाळीचे चार दिवस सोडले तर नोव्हेंबर-डिसेंबरात तिन्ही गच्च्यांवर रोज दोन शिखरं दिसत होती. एक संध्याकाळी सात ते नऊ, दुसरं पहाटे साडेपाच ते सात. धुकं नसलेल्या दिवशीही. आमची खात्री होती, की रात्री दहानंतर तिसरं शिखर दिसणार. रात्री दहा ते सकाळी सहा उद्योगांना वीज स्वस्त पडते, इंडक्शन भट्ट्या तेव्हा जोरात चालतात, आणि थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन झाकणासारखी बसते. सगळं जुळत होतं. पण कारखान्याच्या कडेच्या गच्चीवरही ते शिखर ठळक आलं नाही. थोडी वाढ दिसायची, इतकंच. इंडक्शन भट्टी विजेवर चालते, तिचा धूर कोकवर चालणाऱ्या जुन्या क्युपोला भट्टीच्या मानाने फार कमी.

मग पहाटेचं शिखर कुणाचं? याचं उत्तर मिळायला मला माझ्याच न्हाणीघराशी जावं लागलं. आमच्याकडे बंब आहे. मावशींकडेही आहे. गल्लीतल्या निम्म्या घरांत पहाटे लाकडं, नारळाच्या करवंट्या, कधी कारखान्यातून आणलेल्या पॅकिंगच्या फळ्या पेटतात. संध्याकाळचं शिखर नाक्यावर झाडून गोळा केलेला पालापाचोळा आणि त्यात मिसळलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांचं. उघड्यावर कचरा जाळायला घनकचरा नियमांनी बंदी घातली आहे आणि संध्याकाळी सातला नाक्यावर शेकोटीही असते.

हे मावशींना सांगायला गेलो तेव्हा त्या बंबात करवंटीच टाकत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्या पापडावर माझाच धूर पडालाय म्हणतोस?"

तसं नव्हतं. बंबाचा धूर पहाटेचा, पूड दुपारची. बंब हिवाळ्यात जास्त, पूड मार्च-एप्रिलात. यंत्राला जे दिसत होतं ते पापडावर पडत नव्हतं, आणि पापडावर पडत होतं ते यंत्राला दिसत नव्हतं. दोन वेगळी प्रकरणं एकमेकांत मिसळून आम्ही वर्षभर एकाच आरोपीच्या मागे होतो.

तीन कागद

जड धूळ मोजायची पद्धत स्मार्ट सिटीच्या कितीतरी आधीची आहे. उघड्या तोंडाचं उंच भांडं थोडं पाणी घालून महिनाभर मोकळ्या जागी ठेवायचं, जे पडेल ते गाळायचं, वाळवायचं, वजन करायचं. धूळपात मोजण्याची ही रीत भारतीय मानकांतही आहे. वीज लागत नाही, सिम लागत नाही, कोळी चढला तरी बिघडत नाही.

दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये आम्ही तीन गच्च्यांवर स्टीलचे तीन उभे डबे ठेवले, तोंडावर कावळ्यांसाठी जाळी. महिन्याने ओळखीच्या एका प्रयोगशाळेत गाळून कागद वाळत घातले. वजनाच्या आधीच गोष्ट दिसली. शहापूरचा कागद विटकरी लाल. त्या महिन्यात त्या रस्त्यावर पाइप टाकायला चर खणला होता आणि माती कडेलाच पडून होती. उद्यमबागेच्या कडेचा कागद काळा. माझ्या गच्चीचा करडा, त्यात काळे ठिपके. वजन केलं तर लाल आणि काळा जवळजवळ सारखे भरले. रस्त्याच्या एका चराने एका कारखान्याइतकी धूळ पाडली होती, आणि त्या चराविरुद्ध एकाही घरातून तक्रार गेलेली नव्हती. लाल धूळ आपली वाटते. काळी दुसऱ्याची.

काळ्या कागदावरची चिमूटभर पूड महाविद्यालयातल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली. इथे चुंबकाची फजिती भरून निघाली. मातीतले लोहकण ओबडधोबड, कोनांचे असतात. इथे त्यांच्यासोबत चकचकीत गोल गोळ्या होत्या, मोहरीच्या दाण्यांसारख्या. कास्टिंग, म्हणजे ओतून केलेला भाग, ग्राइंडरवर घासताना उडणारी ठिणगी म्हणजे वितळलेला थेंब. हवेत गार होताना तो गोल होतो. शेजारी वाळूचे दाणे, त्यांच्यावर काळी पुटं. साच्याच्या वाळूत बेंटोनाइट नावाची चिकट माती आणि कोळशाची भुकटी घालतात, त्याची. वेल्डिंगच्याही गोळ्या होतात आणि गल्लीत ग्रिलचं एक दुकान आहे, म्हणून नुसत्या गोळ्यांवर मी विसंबलो नसतो. काळ्या पुटांची वाळू मात्र ग्रिलच्या दुकानात नसते.

अर्ज

पहिला अर्ज पहिल्याच उन्हाळ्यात दिला होता, मराठीत. कार्यालयातल्या माणसाने वाचला, हसून परत दिला आणि कन्नड किंवा इंग्रजीत आणायला सांगितलं. त्याच्याशी तोंडी बोलणं मराठीतच झालं, हे बेळगावकरांना वेगळं सांगायला नको. माझी मुलगी कन्नड चांगलं लिहिते. तिने अर्ज लिहिला, वर 'धूळ' या शब्दाला कन्नडमध्येही 'धूळु' म्हणतात असं मला ऐकवलं. महिन्याने उत्तर आलं. सोबत फलकाच्या आकड्यांचा छापील तक्ता, आणि हवा समाधानकारक असल्याने कारवाईची गरज नाही असा मजकूर.

दुसऱ्या वर्षी तीन कागदांचे फोटो आणि पंधरा मिनिटांचे आलेख घेऊन परत गेलो. या वेळी एका तरुण अभियंत्याने बसवून घेतलं. तो प्रामाणिकपणे म्हणाला, की तुमचे आकडे खरे असतील, पण मी ते फाइलमध्ये घालू शकत नाही. १९८१ च्या हवा कायद्यात नमुना कुणी, कसा, कुणाला नोटीस देऊन घ्यायचा हे ठरलेलं आहे. तसा न घेतलेला नमुना कोर्टात टिकत नाही. चौकातल्या फलकाचे आकडेही टिकत नाहीत, हे त्यानेच हळूच सांगितलं. मग ते कशासाठी? "माहितीसाठी."

त्याच बैठकीत दुसरी एक गोष्ट कळली. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात कर्नाटकातली चार शहरं आहेत: बंगळूर, हुबळी-धारवाड, दावणगेरे, कलबुर्गी. बेळगाव नाही. पलीकडे महाराष्ट्रातली कोल्हापूर आणि सांगली दोन्ही त्यात आहेत. त्या यादीतल्या शहराला कृती आराखडा करावा लागतो, त्यासाठी पैसा मिळतो, प्रगती दाखवावी लागते. ऊसतोडीनंतर इकडे निपाणी-चिकोडीकडे पाचट पेटतं तसं सीमेपलीकडे कागलकडेही पेटतं. एकीकडच्या धुराला आराखडा आहे, दुसरीकडच्या धुराला आमच्यासारखे तीन गच्चीवाले. सीमाप्रश्नाच्या पुष्कळ बाजू मी लहानपणापासून ऐकत आलो, ही कुणी सांगितली नव्हती.

अडकलेला काटा

सुटलं ते अर्जाने सुटलं नाही, ओळखीने सुटलं. असं लिहायला मला आवडत नाही, पण झालं तसं लिहितो.

पश्चिमेच्या वाऱ्याच्या रेषेत येणाऱ्या कारखान्यांपैकी एकाची यंत्रं मी अनेक वर्षं तपासतो. तिथल्या व्यवस्थापकांना कागदांचे फोटो दाखवले. ते चिडले नाहीत, थेट फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायच्या, शेडमध्ये घेऊन गेले. ग्राइंडरच्या धुळीसाठी तिथे बॅग फिल्टर आहे. पंखा धूळ ओढतो, कापडी पिशव्यांत ती अडकते. पिशव्यांच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबात किती फरक आहे ते दाखवणारी एक तबकडी बाहेर असते. फरक शे-सव्वाशे मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतका असला की ठीक. फार वाढला तर पिशव्या चोंदल्या, फार घसरला तर फाटल्या. काटा बरोबर जागेवर होता. व्यवस्थापक म्हणाले, "बघा, व्यवस्थित आहे."

मी पंखा बंद करायला सांगितला. पंखा थांबला. काटा तिथेच.

किती दिवसांपासून अडकला होता कोण जाणे. आतल्या दोन पिशव्या उभ्या फाटलेल्या निघाल्या. आणि त्या तबकडीवर कॅलिब्रेशनचं लेबल नव्हतं. ते लावणारा माणूस मीच. दरवर्षी मी त्या कारखान्यात व्हर्निअर, मायक्रोमीटर, तापमापक तपासत होतो, कारण ग्राहकाच्या ऑडिटला ते लागतात. ही तबकडी मालाच्या गुणवत्तेशी संबंधित नाही म्हणून यादीतच नव्हती आणि मी कधी विचारलंही नव्हतं. तिच्यासमोरून वर्षातून एकदा चालत जात होतो.

पिशव्या बदलल्या. शेडची अनगोळकडची उघडी बाजू पत्र्याने बंद केली. तबकडी यादीत आली, आणि त्याच यादीचा नमुना घेऊन मी आणखी तीन ठिकाणी गेलो. एकाने घेतली, दोघांनी "बघू" म्हटलं. चौकातला एक सेन्सर उभा करायला, चालवायला जो खर्च येतो त्याच्या अंशात अशा कितीतरी तबकड्यांना इलेक्ट्रॉनिक डोळा लावता येईल आणि पंख्याची मोटर किती करंट घेते हे नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर आणता येईल. पंखा बंद, भट्टी चालू, असं दिसलं की फोन. तिथे हवेचा रंग कुठला हे विचारायची वेळच येत नाही, कारण कोणत्या शेडमध्ये कोणाला पाठवायचं हे आधीच कळलेलं असतं. मोठ्या उद्योगांच्या धुराड्यांना असं सतत मोजमाप लागू आहे. आमच्याकडच्या लहान शेडना नाही, आणि पापडावर पडते ती धूळ धुराड्यातून येतच नाही, शेडच्या उघड्या बाजूने येते.

तो तरुण अभियंताही स्वस्थ बसला नाही. नाक्यावरच्या शेकोटीसाठी त्याने आमचा संध्याकाळचा आलेख आरोग्य निरीक्षकांना पाठवला. त्यासाठी कोर्टात टिकणारा नमुना लागत नाही, फोटो पुरतो. झाडणाऱ्या बायकांनी विचारलं, की जाळायचं नाही तर पाला टाकायचा कुठं, गाडी तर पाला घेत नाही. आठवड्यातून दोनदा पाल्यासाठी वेगळी गाडी सुरू झाली. दोन महिने चालली. आता कधी येते, कधी नाही. शहापूरचा चर बुजला, तो त्याच्या वेळेने.

फलक अजून आहे. मध्ये काही आठवडे काळा पडला होता. मग परत लागला, हिरवाच.

बंबाचं काय? मी आमच्याकडे सौर बंब बसवला, पावसाळ्यात गॅस. मावशी म्हणाल्या, सोमवारच्या उपासाच्या दिवशी तेवढी लाकडावरच्या पाण्याने अंघोळ होऊ दे. हळूहळू सगळे वार सोमवार झाले.

यंदाच्या मार्चमध्ये डबे परत ठेवले. माझ्या गच्चीवरचा कागद फिकट निघाला, ठिपके आहेत. उद्यमबागेकडचा अजून काळाच, "बघू" म्हणणाऱ्या दोघांपैकी कुणाचा तरी. मावशी आता फळी बघत नाहीत. सकाळी मला विचारतात, "आज घालू काय?" मी मोबाइलवर आलेख उघडेपर्यंत त्या कठड्याशी जाऊन देवळाच्या शिखरावरची पताका कुणीकडे फडफडतेय ते बघतात आणि पातळ परत घडी करून आत नेतात.